अंथरूण पाहून: लिननची चादर घ्यावी का, आणि घेतली तर जपावी कशी



लग्नसराई तोंडावर आली की सीताबर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मोमिनपुरा, ताजबाग, जाफरनगर, कामठी, कुठून कुठून मंडळी बर्डीला येतात. हातात यादी असते आणि त्या यादीत भांड्यांच्या खाली हमखास एक ओळ असते: चादरी, गिलाफ, रजई. पूर्वी या ओळीला फार विचार लागत नसे. सोलापुरी चादरीची जोडी आणि दोन सुती बेडशीट घेतले की काम झाले. आता दुकानदार काउंटरवर एक नवा शब्द ठेवतो, 'लिनन'. किंमत सुती चादरीच्या तिप्पट-चौपट. मुलगी म्हणते, "अम्मी, हेच घेऊ." अम्मी कापड चुरगाळून बघते आणि म्हणते, "एवढे पैसे देऊन हे चुरगळलेलं?" दोघींचेही म्हणणे काही अंशी बरोबर आहे. म्हणून या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे.

लिनन म्हणजे आपले जवसच

लिनन हे नाव परके वाटते, पण त्याचे झाड विदर्भाला अनोळखी नाही. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जातीच्या झाडापासून लिननचा धागा निघतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे धानाच्या बांधीतल्या ओलीवर जवस फेकून पेरतात. निळ्या फुलांचे ते शेत पाहिलेले अनेक वाचक असतील. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर संशोधनही चालते.

फरक एवढाच की आपले जवस दाण्यासाठी आणि तेलासाठी असते. ते बुटके असते आणि त्याला फांद्या खूप फुटतात. धाग्याचे जवस उंच, सरळ आणि कमी फांद्यांचे असते. ते मुख्यतः फ्रान्स आणि बेल्जियमच्या समुद्रकाठच्या थंड पट्ट्यात पिकते. कापसाचा धागा बोंडातून मिळतो, जवसाचा मात्र खोडाच्या सालीतून. आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढतात, तसेच हे काम. तिकडे कापलेले जवस शेतातच पसरून दवावर कुजवतात, मग खोड ठेचून वाख वेगळा करतात, विंचरतात आणि कातारतात. मेहनत जास्त, पीक ठराविक मुलखातच, आणि आपल्यापर्यंत बराचसा वाख परदेशातून येतो. लिनन महाग असण्याचे कारण हे आहे. त्यात दुकानदाराची बनवाबनवी असेलच असे नाही.

उर्दू वाचणाऱ्यांना हे कापड दुसऱ्या नावाने माहीत आहे. अरबीत कापूस म्हणजे 'कुत्न' आणि जवसाचे कापड म्हणजे 'कत्तान'. मिसरमधली तिन्निस आणि दिम्यात ही शहरे एके काळी कत्तानच्या विणकामासाठी इस्लामी जगतात प्रसिद्ध होती. फारसी आणि उर्दू शायरीत तर एक समजूतच रूढ आहे की चांदणे पडले की कत्तान विरून फाटते. शायरांनी त्यावर खूप कल्पना लढवल्या. प्रत्यक्षात हे कापड इतके नाजूक अजिबात नाही. चांदण्याने त्याला काही होत नाही, आणि ओले झाल्यावर तर ते कोरड्यापेक्षा जास्त मजबूत होते. खरी भीती चांदण्याची नसून नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हाची आहे. त्याविषयी पुढे सांगतोच.

नागपूरच्या उन्हाळ्यात काय उपयोग?

उन्हाळ्यात आपल्या शहराचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो हे सांगायला नको. रात्रीही भिंती तापलेल्या असतात. बहुतेक घरांत कूलर असतो. कूलर हवा थंड करतो, पण ओलही वाढवतो. पहाटे कूलर बंद झाला की पाठीखालची चादर चिकटू लागते. याचे कारण धाग्याच्या पाणी पिण्याच्या ताकदीत आहे. साधारण हवेत १०० ग्रॅम कोरड्या कापसात सुमारे ८.५ ग्रॅम ओल मुरते, जवसाच्या धाग्यात सुमारे १२ ग्रॅम, आणि पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नाही. म्हणजे घाम शोषण्यात लिनन सर्वांत पुढे, सुती त्याच्या मागोमाग आणि पॉलिस्टर जवळजवळ शून्य. शिवाय लिननची वीण मोकळी असते. हवा खेळते आणि कापड लवकर वाळते.

या आकड्यांतून आम्ही एक निष्कर्ष काढतो आणि तो महत्त्वाचा आहे. लिनन आणि सुती यांत जेवढा फरक आहे, त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक सुती आणि पॉलिस्टर यांत आहे. ज्या घरात लिनन परवडत नाही, त्या घराने मन लहान करू नये. चकचकीत, न चुरगळणारी, 'ग्लेस' किंवा 'सॅटिन' म्हणून विकली जाणारी पॉलिस्टरची चादर काढून तिथे शुद्ध सुती चादर अंथरली, तरी उन्हाळ्यातल्या झोपेचे निम्मे दुखणे कमी होते.

कोणी घेऊ नये

दुकानात हे कोणी सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो.

घरात दादी किंवा नाना अंथरुणाला खिळलेले असतील, तर त्यांच्या पाठीखाली लिनन घालू नका. लिननला लवचिकता कमी, त्यामुळे त्यावर कडक चुण्या पडतात. ज्या माणसाला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याच्या त्वचेला एकेक चुणी टोचते आणि पाठीला जखमा होण्याचा धोका वाढतो. त्यांच्यासाठी अनेकदा धुतलेली, मऊ झालेली सुती चादर, चारी बाजूंनी ताणून खोचलेली, हीच उत्तम. तान्ह्या बाळालाही तसेच. नवे लिनन पहिले काही महिने खरखरीत लागते.

आणि बचत होईल म्हणून घेत असाल तर साधा हिशेब करून पाहा. समजा सुती चादर १,२०० रुपयांची आहे आणि ३ वर्षे टिकते. वर्षाला ४०० रुपये पडले. समजा लिननची ६,००० रुपयांची आहे. तिचा खर्च तेवढाच पडायला ती १५ वर्षे टिकली पाहिजे. लिनन टिकाऊ असते हे खरे, पण रोजच्या वापरात, मुलाबाळांच्या घरात १५ वर्षांची खात्री कोण देणार? लिनन आरामासाठी घ्यावे, बचतीसाठी नव्हे. मराठीत आपण म्हणतो 'अंथरूण पाहून पाय पसरावे', उर्दूत म्हणतात 'चादर देखकर पाँव फैलाओ'. इथे तर ही म्हण शब्दशः लागू आहे.

ज्यांना आवड आहे पण खात्री नाही, त्यांनी आधी फक्त दोन गिलाफ घ्यावेत. गाल आणि मान जिथे टेकते तिथेच फरक सर्वांत आधी कळतो. एक उन्हाळा वापरून पाहा, मग चादरीचे ठरवा.

दुकानात काय पाहावे

पहिली गोष्ट, शब्द नीट ऐका. 'लिनन', 'लिनन फिनिश', 'लिनन लूक' आणि 'कॉटन-लिनन' या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. फिनिश आणि लूक म्हणजे दिसायला तसे, धागा भलताच. कॉटन-लिनन म्हणजे मिश्रण. ते वाईट नाही, चुरगळते कमी आणि स्वस्तही असते, पण त्याला शुद्ध लिननचा भाव देऊ नये. बर्डीतल्या एका दुकानात आम्हाला 'प्युअर लिनन' म्हणून जी चादर दाखवली, तिच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर पॉलिस्टर स्पष्ट छापलेले होते. दुकानदार हसून म्हणाला, "गिऱ्हाईक यालाच लिनन म्हणतात." म्हणून चिठ्ठी वाचावी. कोणता धागा किती टक्के, हे लिहिलेले नसेल तर तो माल महागात घेऊ नये.

दुसरी गोष्ट, कापड मुठीत घट्ट दाबून सोडा. खरे लिनन ठळक चुरगळते. अजिबात चुरगळले नाही तर त्यात काहीतरी मिसळलेले असण्याचा संभव जास्त. उजेडासमोर धरा. धाग्यात मधूनमधून जाड-बारीकपणा दिसेल, तो स्वाभाविक आहे. मात्र जागोजागी मोठ्या गाठी असतील तर माल हलका. कापड दोन्ही हातांनी घासल्यावर पांढरी भुकटी झडली तर समजा की खळ भरून वजन वाढवले आहे.

तिसरी गोष्ट, 'थ्रेड काउंट'च्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो हिशेब सुती कापडाचा. लिननचा धागा जाड असतो, त्याचा काउंट कमीच असतो. इथे वजन विचारा, म्हणजे जीएसएम. चादरीसाठी १५० ते २०० जीएसएम ठीक. त्याहून फार हलकी लवकर विरते, फार जड उन्हाळ्यात नकोशी होते.

घरी आल्यावर शंका राहिली तर शिवणीच्या आतला एक धागा काढा आणि चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर पेटवा. मुले दूर असू द्या. कागद जळाल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली तर धागा नैसर्गिक. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर. या परीक्षेने लिनन आणि सुती यांतला फरक मात्र कळत नाही, कारण दोन्ही सारखेच जळतात. फसवणूक झालीच तर पक्के बिल जवळ हवे. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. म्हणून 'बिलाशिवाय शंभर रुपये कमी' हा सौदा करू नये.

मापाचा हिशेब

घरून निघताना गादीचे माप घेऊन निघा, लांबी-रुंदीबरोबर जाडीही. समजा गादी ७२ इंच रुंद, ७८ इंच लांब आणि ६ इंच जाड आहे. रुंदीला दोन्ही बाजूंची जाडी धरून ८४ इंच झाले. आता बाजारात सहज मिळणारी ९० इंच रुंदीची चादर घेतली आणि पहिल्या धुण्यात ती ४ टक्के आटली, तर ती साधारण ८६ इंच उरते. दोन्ही बाजूंना खोचायला जेमतेम एकेक इंच! रात्रभर चादर निघत राहणार. अशा गादीला १०० इंचांहून कमी रुंदीची चादर घेऊ नये, १०८ मिळाली तर उत्तमच. आधीच धुऊन आटवलेले कापड असेल तर तसे चिठ्ठीवर लिहिलेले असते, तेही पाहा.

धुणे, वाळवणे, इस्त्री

नवी चादर वापरण्याआधी एकदा थंड पाण्यात एकटीच धुवा. पुढेही पाणी थंड किंवा कोमट, ४० अंशांपर्यंत. साबण सौम्य आणि नेहमीपेक्षा कमी. मशीन अर्धेच भरा, कारण लिनन पाणी पिऊन जड होते आणि दाटीत त्याच्या घड्या मोडतात. जीन्स किंवा चेन असलेले कपडे त्यात टाकू नका. क्लोरीनचे ब्लीच वापरू नका, धागा कमजोर होतो. फॅब्रिक सॉफ्टनरही नको. त्याचा लेप बसला की घाम शोषण्याचा गुणच जातो, मग लिनन घेतले कशाला? बोअरवेलचे जड पाणी असेल तर साबण कापडात राहून ते कडक होते. अशा वेळी एक वेळ जास्त खंगाळा, शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा सिरका घाला.

पिळा देऊन पिळू नका. झटकून, हातांनी सरळ करून सावलीत वाळत घाला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कापड टाकून ठेवण्याची सवय आहे. त्या उन्हात रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो. सावलीतही या दिवसांत चादर लवकर वाळते. किंचित दमट असतानाच काढा आणि उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा. पूर्ण वाळल्यावर चुण्या मोडत नाहीत. इस्त्रीला वेळ नसेल तर हाताने नीट पसरून अंथरली तरी पुरे. थोडे चुरगळलेले दिसणे हा या कापडाचा स्वभावच आहे.

डागांचे म्हणाल तर रक्ताचा डाग नेहमी थंड पाण्यात, गरम पाण्याने तो पक्का होतो. हळदीचा डाग साबणाने धुऊन थोडा वेळ उन्हात ठेवला की फिका पडतो. मेंदीचा डाग मात्र हट्टी. लग्नघरात मेंदीच्या रात्री नवी चादर अंथरूच नका, जुनी सुती काढा.

लहान मुले असलेल्या घरात पाकीचा प्रश्नही असतो. बाळाने चादर ओली केली तर ती तशीच इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नये. आधी तेवढा भाग वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन, पिळून घ्यावा, मग मशीनला लावावा. गादीवर आधी जाड गोधडी किंवा रबरी चादर असेल तर गादी वाचते. गादी पाक कशी करावी याबद्दल शंका असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारावे. झोपण्यापूर्वी अंथरूण झटकण्याची शिकवण तर हदीसमध्येच आहे. ती पाळली की धूळ, किडा-मुंगी यांचीही काळजी मिटते.

ठेवण आणि पुढचे आयुष्य

लिनन वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवले की त्या घडीवरच धागे तुटतात. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, किंवा गुंडाळी करून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. पावसाळ्यात आत ओल धरून बुरशीचे ठिपके पडतात. जुन्या सुती ओढणीत किंवा गिलाफात बांधून ठेवा. खळ लावून किंवा न धुता ठेवू नका, कसर लागते. कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून शेजारी ठेवावा.

मधोमध विरू लागली तर चादर मधून उभी कापा, कडेच्या बाजू मध्ये आणून शिवा आणि नवे काठ दुमडा. आणखी काही वर्षे निघतात. त्यानंतर गिलाफ, त्यानंतर भांडी पुसायचे रुमाल. शेवटपर्यंत उपयोगी पडणारे कापड आहे हे.

जहेजच्या यादीतली चादर

आता मूळ मुद्द्यावर येतो. लिनन चांगले की वाईट, एवढाच प्रश्न असता तर हे सदर इथेच संपले असते. पण आपल्या घरांत ही चादर बहुतेक वेळा झोपण्यासाठी घेतली जात नाही, दाखवण्यासाठी घेतली जाते. सामान मांडले जाते, बायका येऊन हात लावून पाहतात, किंमत विचारतात. मग एकीने दोन सेट दिले म्हणून दुसरी चार देते. बाप उसने आणतो. आणि त्या चारांपैकी तीन सेट सुनेच्या पेटीत प्लॅस्टिकसकट पिवळे पडतात.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. तिचा आशय असा की एक बिछाना पुरुषाला, एक त्याच्या बायकोला, एक पाहुण्याला, आणि त्यावरचा चौथा शैतानाचा. गरज आणि मेहमाननवाजी यांना जागा दिली आहे, दिखाव्याला नाही. ज्या नबी (स.) यांची गादी चामड्याची होती आणि आत खजुराच्या झाडाची साल भरलेली होती, त्यांच्या उम्मतीने चादरीच्या किमतीवरून मुलीचे मोल करू नये.

आमचा सल्ला असा. द्यायचेच असेल तर मुलीला विचारून, तिच्या गादीचे माप घेऊन, रोज वापरता येतील अशा दोन चादरी द्या. एक अंगाखाली, एक धुण्यात. पाहुण्यांसाठी एक. बस. आणि सासरच्या मंडळींनीही यादी हातात देण्याऐवजी म्हणावे की चादरी आमच्या घरात आहेत, तुम्ही मुलगी द्या.

आणि चादर निवडताना आपल्या मुलखाकडेही एक नजर टाकावी. हे शहर कापडाचे आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथेच जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. ती केव्हाच बंद पडली, आज तिथे मॉल आहे. मोमिनपुऱ्याच्या नावातच विणकर मोमिन मंडळी आहेत. गादी पिंजणारे मन्सूरी-पिंजारी अजूनही अधूनमधून गल्लीत दिसतात. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. शेजारच्या वर्ध्यात १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेले मगन संग्रहालय आहे, तिथली खादी प्रसिद्ध आहे. विदर्भाचा कापूस उन्हाळ्याला पुरेसा आहे. परदेशी जवसाची चादर परवडत असेल तर जरूर घ्या. नसेल तर आपल्या कापसाची घ्या आणि जुनी गादी पिंजून घ्या. त्यात कमीपणा नाही, आणि चार पैसे आपल्याच विणकर-कारागिराच्या घरात जातात.

चादर जवसाची असो वा कापसाची, ती कर्जाची नसावी. कर्जाच्या चादरीवर झोप येत नाही, तिचा धागा कितीही थंड असला तरी. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांत बरकत आणि डोळ्यांना सुखाची झोप देवो. आमीन.